विटेवर टेकलेला हात

[दृश्य: पहाट. खोलीच्या कोपऱ्यात लाकडी वीट, घडी केलेल्या दोन चादरी, सुती पट्टा.]

त्रिकोणासनात पाय फाकवून उभं राहून एका बाजूला वाकायचं आणि उजवा हात खाली न्यायचा असतो. नवख्या माणसाचा हात गुडघ्याच्या जरा खाली जातो आणि अडतो. मग तो जोर लावतो. गुडघा वाकतो, छाती जमिनीकडे वळते, श्वास कोंडतो आणि बोटं कशीबशी घोट्याला लागतात. हात पोचला खरा, पण आसन सुटलं.

आता उजव्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला ही वीट उभी ठेवू आणि तळहात तिच्यावर टेकवू. बघा, गुडघा सरळ झाला, छाती उघडली, श्वास पुन्हा चालू लागला.

[दृश्य: पुणे, शिवाजीनगर परिसरातला रस्ता.]

योगवर्गातली ही वीट जगभर पोचवली ती पुण्यात राहून शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांनी. जन्म 1918 चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलेलं. म्हैसूरला मेहुण्यांकडे, टी. कृष्णम्माचार्यांकडे ते योग शिकले आणि 1937 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, शिकवायला पुण्यात आले. शरीर साथ देत नाही म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. विटा, पट्टे, खुर्च्या, भिंतीतले दोर यांचा वापर त्यांनी इतका बारकाईने का केला, याचं उत्तर मला तिथेच सापडतं. 1975 मध्ये त्यांनी पुण्यात पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभारली. 2014 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, ते गेले.

[दृश्य: दंडासनात बसलेली व्यक्ती, बाजूने.]

मी सुरुवात केली ती मोबाइलवर बघून. चौथ्याच दिवशी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून बसून पुढे वाकताना, पायाचे अंगठे धरायचेच म्हणून ताणलं आणि कंबर धरली. पुढे तीन आठवडे चपला घालायलाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. नंतर ज्या बाई शिकवायला भेटल्या, त्यांनी आधी दोन चादरींची घट्ट घडी केली. म्हणाल्या, "हिच्या कडेवर बसा. पट्टा तळपायांना लावा. वाकायचं आज नाहीच."

कारण साधं आहे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की जमिनीवर बसताना ते ओटीपोटाचं हाड मागे ओढतात. कण्याला पोक येतो आणि पुढे वाकलं की सगळा भार कमरेवर पडतो. बैठक चार बोटं उंच केली की ते हाड सरळ उभं राहतं. पट्ट्यामुळे हात लांब होतात, पाठ ताठ राहते. ती घडी मी अजून घेते.

[दृश्य: भिंतीपाशी ताडासन.]

पहिले काही महिने एवढं पुरे: ताडासन, भिंतीच्या आधाराने वृक्षासन, विटेवर त्रिकोणासन, ओट्यावर दोन्ही हात टेकून, कमरेतून अर्धं पुढे वाकून अर्ध उत्तानासन आणि शेवटी शवासन. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. शीर्षासन व्हिडिओ बघून करू नका, ते शिक्षकांसमोरच. श्वास रोखून धरण्याचे प्रकारही आत्ता नकोत. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा.

आणि दुखणं ओळखायला शिका. मांडीच्या मध्यावर पसरणारा ताण सोसण्यासारखा असतो. गुडघ्यात किंवा कमरेत टोचलं, पायात मुंग्या आल्या, तर तिथेच थांबून हळूच बाहेर या.

पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं, चौदावं सूत्र सांगतं, अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्काराने केला तर. पहिल्या दोन गोष्टी सगळेच सांगतात. सत्कार म्हणजे आदर, तो मात्र राहून जातो. रविवारी दोन तास शरीर पिळून काढायचं आणि आठवडाभर त्याच्याकडे बघायचंही नाही, यात आदर कुठे आला? त्यापेक्षा रोज वीस मिनिटं द्या. अंग जड वाटतं त्या दिवशी नुसतं शवासन करा, तोही अभ्यासच.

[दृश्य: शवासन. खिडकीतून ऊन.]

उठताना घाई नको. गुडघे वाकवा, उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास तिथेच थांबा. मग डाव्या हाताने जमीन दाबत वर या. डोकं सगळ्यात शेवटी.