आजीला अंथरूण सोसेल का?

मंडळी, खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात (गोमेकॉत) किंवा म्हापशाच्या, मडगावच्या जिल्हा रुग्णालयात आणलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'या वयात ऑपरेशन सोसेल का?' हा प्रश्न मायेपोटी येतो आणि तो रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न हवा: ऑपरेशन नाही केलं तर सहा ते बारा आठवडे अंथरूण सोसेल का? ऑपरेशनची जोखीम सही करताना डोळ्यांसमोर असते. अंथरुणाची जोखीम हळूहळू येते, म्हणून ती मोजलीच जात नाही.

गोव्यासाठी हा विषय आडबाजूचा नाही. २०११च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांचं प्रमाण इथे ११.२ टक्के होतं. देशात केरळच्या खालोखाल. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, त्याची सगळ्यांना धास्ती असते. तरी म्हातारी माणसं जास्त पडतात ती घरातच: न्हाणीत, उंबरठ्याला अडखळून, रात्री लघवीला उठताना. पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं असतं, टाच गादीवरून उचलत नाही. असं दिसलं की चोळायचं नाही, ओढून बघायचं नाही, १०८ला फोन करायचा. कधी फट इतकी बारीक असते की पहिल्या एक्स-रेत दिसत नाही आणि माणूस चार पावलं चालतोही. जांघेतलं दुखणं थांबत नसेल तर एमआरआय, नाहीतर सीटी स्कॅन करायला हवा.

आता मोड नेमका कुठे आहे, यावर बरंच ठरतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, त्याखाली मान. गोळ्याचं बहुतेक रक्त मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येतं. मान मोडून सरकली की त्या फाटतात. हाड जुळत नाही किंवा पुढे गोळा सुकून बसतो. म्हणून उतारवयात सरकलेल्या मानेवर स्क्रू मारत बसत नाहीत, नवा गोळा बसवतात. पडण्याआधी धडधाकट हिंडणाऱ्या, शुद्ध डोक्याच्या माणसाला, गोळा ज्यात बसतो त्या वाटीसकट पूर्ण सांधा देण्याचा विचार होतो. मान जागेवरच असेल तर दोन-तीन स्क्रू पुरतात.

मानेच्या खाली मोडलं तर गोष्ट वेगळी. तिथे रक्त भरपूर, त्यामुळे हाड पडून राहिलं तरी जुळतं. हाडवैद्याचं नाव होतं ते याच मोडीमुळे, आणि हाड जुळतं हे खरंच आहे. पण ते वाकडं जुळतं, पाय दोन-तीन सेंटिमीटर आखूड होतो. दरम्यान छातीत कफ साठून न्यूमोनिया, पोटरीत रक्ताची गाठ, माकडहाडावर जखम. हाड जुळेपर्यंत माणूस हातचा जातो, याचा घरच्यांनी आधी विचार करावा. इथे रॉड किंवा प्लेट-स्क्रू घालतात तो वेदना थांबावी आणि माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसावा म्हणून. तेही चुकू शकतं: स्क्रूचं टोक गोळ्याच्या मध्याशी, खोलवर हवं. समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेवर टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतची अंतरं मिळून २५ मिलिमीटरच्या आत नसतील, तर ठिसूळ हाडातून स्क्रू वर फाडून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशनला वेळ किती? ३६ ते ४८ तासांच्या आत. २०२० साली १७ देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा तासांत ऑपरेशन केलं काय आणि दिवसभरात केलं काय, मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणजे मध्यरात्री धावपळ नको, पण मुलगा आखातातून येईपर्यंत आठवडा थांबणंही नको. हृदय फेल झालं असेल, पोटॅशियम बिघडलं असेल, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ते आधी सावरतात. नुसत्या क्लोपिडोग्रेलसाठी (तेही रक्त गोठू न देणारं औषध) पाच दिवस थांबवणं मला मान्य नाही. तोवर पायाला वजन टांगल्याने दुखणं कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही. जांघेत दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनने होतं. येताना गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या आणाच, पण कवळी, चष्मा, कानातलं यंत्रही आणा. दिसलं-ऐकू आलं नाही की वॉर्डात रात्री भ्रम वाढतो.

मग ऑपरेशन नकोच, असं कधी? आयुष्याचे दिवस मोजकेच उरलेत असं दिसत असेल तेव्हा. नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहातल्या अतिशय जर्जर रुग्णांचा अभ्यास २०२२ साली आला. १७२ पैकी ८८ जणांनी, घरच्यांशी बोलून, ऑपरेशन नाकारलं. त्यांतले ८३ टक्के महिन्याभरात गेले; ऑपरेशन झालेल्यांत २५ टक्के. तरी उरलेल्या दिवसांची सुसह्यता ऑपरेशनवाल्यांपेक्षा कमी नव्हती. हा निर्णय घेतलात तर तो निवांत मरणाचा निर्णय आहे हे समजून घ्या, आणि त्यात काम कमी नाही. वेदनाशामक घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखल्यावर नव्हे. गरज पडली तर मॉर्फिन, आणि त्याबरोबर, शौचाला कडक होऊ नये म्हणून, पोट साफ ठेवणारं औषध. हवेची गादी. दर दोन तासांनी दोघांनी मिळून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, अख्खं अंग एकदम कुशीवर. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. भरवताना पाठ उचललेली.

ऑपरेशन झालेल्या आजीला मात्र 'पडून राहा गो' म्हणू नका. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून, सोसेल तितका पूर्ण भार देऊन उभं करायचं. रक्ताची गाठ टाळायचं इंजेक्शन साधारण महिनाभर. आणि हाड ठिसूळ होतं म्हणून मोडलं, याचा उपचार राहूनच जातो. ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंड तपासून, निदान दोन आठवड्यांनी हाडाची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. २००७च्या अभ्यासात त्याने नवे फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी घटले. ते कधी आणि कुठे घ्यायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा.