रात्रीतून उमटणारी रेघ

(दृश्य: अंगणात बसलेली म्हातारी. तिच्या हातात बारीक काडी, समोर एका तरुण मुलीचा उघडा दंड.)

रेघ ओढून झाली, तरी नीट दिसत नाही. फिकी, पाणीदार. आता घाई करून उपयोग नाही, रात्र जाऊ द्यायची. सकाळी पाहावं तर दंडावर निळसर काळं वेटोळं उमटलेलं असतं.

ही उली. आग्नेय नायजेरियातल्या इग्बो बायकांची कला. झाडाची फळं वाटून, पिळून रस काढायचा आणि त्यानंच रेखाटायचं. मेंदीसारखा लगदा थापायचा नाही, खरवडायचं नाही. आठवडाभर राहते, मग आपोआप विरत जाते.

(दृश्य: नक्षी जवळून.)

हे ‘अग्वोलाग्वो’, वेटोळं घातलेला साप. इथे चंद्र. आणि या पाकळ्या कोलाच्या बीच्या. कोला म्हणजे तिथली चघळायची कडसर बी. घरी पाहुणा आला की आधी कोला पुढे येते, प्रार्थना होते, मग ती फोडतात. ही प्रार्थना इग्बोतच व्हायची, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही, असं तिथली माणसं म्हणतात.

पण जरा मोकळ्या जागेकडे बघा. टोकाकडे निमुळती होत गेलेली एकच लांब रेघ, आणि भोवती सगळी रिकामी कातडी. अंग भरून काढण्याचा सोसच नाही. कुठे थांबायचं, हे कळण्यातच या बायकांचं कसब आहे.

लग्नात, सणासुदीला उली अंगावर यायची. ऑगस्टच्या सुमारास येतो ‘इरी जी’, म्हणजे नव्या यामचा सण. याम हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. देवाला दाखवून गावातला वडीलधारा पहिला घास घेतो, तोवर नव्या कंदाला कुणी तोंड लावत नाही.

(दृश्य: मातीची भिंत. पांढरा, तांबडा, पिवळा, काळा.)

भिंतीवरही हीच रेघ. पावसानं ती धुऊन जायची, उघडीप झाली की बायका पुन्हा रंगवायच्या.

पुरुषांच्या खुणा वेगळ्या. मान मिळवलेल्यांच्या कपाळावर ‘इची’ कोरत, जन्मभरासाठी. इग्बो-उक्वू गावात सापडलेल्या नवव्या शतकातल्या ब्राँझच्या चेहऱ्यांवरही त्या रेघा आहेत. धातू टिकला म्हणून त्या आज बघता येतात. उलीला असा आधार नाही. ती काढणारा हात थांबला की संपली.

आणि हात थांबलेही. मिशनऱ्यांनी अंगं कपड्यांनी झाकली, या रेघांना मूर्तिपूजेत ढकललं. मुली आयांकडून शिकेनाशा झाल्या. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे ज्ञान कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

(दृश्य: कागदावरचं शाईचं चित्र.)

चित्रकार उचे ओकेके, जन्म 1933. आई उली काढणारी. उत्तर नायजेरियातल्या झारियाच्या कला महाविद्यालयात शिकवण युरोपीय वळणाची, तेव्हा 1958 मध्ये त्यांनी सोबत्यांसह झारिया आर्ट सोसायटी उभी केली. आपलं जुनं आणि बाहेरचं नवं, दोन्हींतून उपयोगी ते घ्यायचं, हा त्यांचा आग्रह. इग्बो मुलुख नायजेरियातून फुटून निघू पाहत होता, ते बियाफ्राचं युद्ध 1970 मध्ये संपलं आणि ओकेके इग्बो भागातल्या न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवू लागले. होरपळून आलेल्या त्या पिढीच्या हाती त्यांनी उली दिली.

हे त्यांचं चित्र. एक वळसेदार काळी रेघ, आणि भोवती भरपूर पांढरा कागद. आईची रेघ. फक्त शाई लगेच उमटते, रात्रभर वाट पाहावी लागत नाही.