आधी घोडी, मग गन

(दृश्य : ठाणे, वर्तकनगर. इमारतीखालचं पार्किंग, सकाळचा उजेड अजून आत आलेला नाही. वॅगन-आरचं पुढचं डावं चाक. पत्र्याचा निळा डबा उघडण्याचा आवाज.)

रविवार, सकाळचे सात. साडेनऊपर्यंतचा वेळ माझा आहे. त्यानंतर सोसायटीतली मुलं सायकली घेऊन खाली येतात आणि चाक काढलेल्या गाडीच्या आसपास मला एकही मूल नको असतं.

हा निळा डबा माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते फिटर होते. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिथे हयात घालवलेल्या माणसांच्या घरी माळ्यावर असा डबा अजून सापडतो. तेलकट फडक्यात गुंडाळलेले पाने, मूठ गुळगुळीत झालेली हातोडी, नाशिकच्या सातपूरला बनलेली टपारियाची पक्कड.

चार वर्षांपूर्वी मी ही गाडी पहिल्यांदा स्वतः उचलली, तेव्हा माझ्याकडे बॅटरीवर चालणारी नवीकोरी गन होती आणि घोडी नव्हती. गन म्हणजे इम्पॅक्ट रेंच, ठोके देत नट फिरवणारं यंत्र. घोडी म्हणजे जॅकने उचललेली गाडी जिच्यावर टेकवून ठेवायची तो लोखंडी स्टँड. गाडीसोबत आलेला कात्रीसारखा उघडणारा जॅक मी लावला. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. चाक निघालं, मी पाना घ्यायला मागे वळलो, आणि जॅकखालचा एक ब्लॉक खचला. जॅक तिरका झाला, गाडी सरकली आणि ब्रेकच्या डिस्कवर आदळली. एक मिनिट आधी माझा हात तिथे आत होता.

आवाज ऐकून अण्णा खाली आले. त्यांनी गाडी पाहिली, माझे हात पाहिले. म्हणाले, "अहो, ती गन ठेवून द्या. आधी घोडी आणा."

(दृश्य : घोडीचा दात एकेक करून वर सरकतो. टक, टक. मग पिन आत जाते.)

घरी गाडीवर काम करायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी आज हेच सांगतो. पहिला खर्च घोड्यांच्या जोडीवर. वॅगन-आरचं वजन 900 किलोच्या आसपास आहे. गाडीसोबत येणारा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नसतो. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक चांगला, उचलायला सोपा, पण त्यातही गाडी तेलाच्या दाबावर तोललेली असते आणि ते तेल एका रबरी सीलने अडवलेलं असतं. सील कधी जाईल हे बाहेरून दिसत नाही. घोडीवर मात्र भार लोखंडाच्या दातावर किंवा पिनेवर येतो. म्हणून जॅकने फक्त उचलायचं आणि गाडी पेलायची घोडीने. 2 टनांची जोडी लहान गाडीला पुरते. पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड प्लायचा चौकोन टाका, म्हणजे भार चार पायांच्या टोकांवर न येता पसरतो. जॅक कुठे टेकवायचा ती जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते.

हँडब्रेकविषयी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली, की तो निरुपयोगी. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे. घोडीवर गाडी टेकली की हाताने चांगली हलवून बघायची. पडायची असेल तर ती तेव्हा पडू दे. आणि काढलेलं चाक भिंतीला टेकवू नका, दाराखाली आडवं सरकवून ठेवा. काही चुकलंच, तर गाडी आधी त्या चाकावर बसेल.

(दृश्य : डब्यातले पाने फडक्यावर ओळीने मांडले जातात.)

आता पाने. इथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात, कारण दुकानात 108 नगांचा चकचकीत डबा दिसतो आणि मोह होतो. उघडून बघा, त्यातले निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट असतात. माझ्या गाडीला जपानी पद्धतीची मापं लागतात: 8, 10, 12, 14, 17, 19. या सहा आकड्यांत मारुतीचं बहुतेक काम उरकतं. टाटा, महिंद्रा किंवा फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर 13 लागतो, कुठे 15, 16, 18 लागतात, आणि सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स बोल्टसाठी वेगळे बिट. म्हणून आधी गाडी बघा, मग खरेदी करा.

प्रत्येक मापाचा एक पाना असा घ्या, की एका टोकाला रिंग असेल आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड. घट्ट नट नेहमी रिंगने सोडवायचा. उघडं तोंड नटाच्या दोनच बाजू धरतं. जोर जास्त झाला की ते किंचित फाकतं, नटाचे कोपरे झिजतात, आणि एकदा नट गोल झाला की पाच मिनिटांचं काम अख्खी दुपार खातं. स्क्रू पाना म्हणजे तोंड लहानमोठं होणारा पाना नळाच्या कामाला ठेवा. गाडीच्या नटाला तो लावू नका.

गॅरेजमध्ये सॉकेटला गोटी म्हणतात. गोटी घेताना आत डोकावून बघा. काहींना आत बारा कोपरे असतात, काहींना सहा. बारा कोपऱ्यांची पटकन बसते, पण भार नटाच्या कोपऱ्याजवळ घेते. सहा कोपऱ्यांची नटाच्या सपाट बाजूंवर टेकते. गंजलेल्या नटाला मी फक्त सहाचीच लावतो, आणि ठाण्याची खाडीची हवा, वर चार महिन्यांचा पाऊस, यामुळे गाडीखालचा जवळजवळ प्रत्येक नट गंजलेलाच असतो.

रॅचेट म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, एका दिशेने पकडणारा आणि दुसऱ्या दिशेने मोकळा फिरणारा. त्याचे दात मोजा, किंवा दुकानदाराला विचारा. 24 दातांचा रॅचेट एका खटक्याला 15 अंश फिरवावा लागतो, 72 दातांचा फक्त 5 अंश. आजच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत हात शिरायची मारामार. तिथे हा 10 अंशांचा फरक पैसे मोजण्यासारखा आहे. रॅचेटचा चौकोन, म्हणजे ज्यावर गोटी बसते तो, तीन मापांत येतो: पाव इंच, तीन-अष्टमांश आणि अर्धा इंच. अण्णा मधल्याला अजून तीन सुती म्हणतात, कारण इंचाचे आठ सूत. एकच घ्यायचा असेल तर हा तीन सुती घ्या. चाकांसाठी अर्धा इंची लांब दांडा वेगळा लागतोच.

(दृश्य : मस्जिद स्टेशन, गर्दीतून बाहेर पडणारी पावलं. नागदेवी स्ट्रीट. दुकानांबाहेर टांगलेले पाने, साखळ्या, कप्प्या.)

हे सगळं ठाण्यात स्टेशनजवळ मिळतं, ऑनलाइनही मिळतं. तरी मी लोकल पकडून मस्जिदला उतरतो आणि नागदेवीला जातो. कारण तिथे सुटा नग मिळतो. मला 12 ची एक लांब गोटी हवी असेल तर एकच घेता येते, त्यासाठी संच घ्यावा लागत नाही. हातात घेऊन बघता येते. रिंगची आतली कड रंधल्यासारखी साफ आहे की खडबडीत, तोंडावर साच्याची रेघ राहिली आहे का, रॅचेट उलटा फिरवला की अडखळतो का, हे फोटोत कळत नाही. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे पोलादाचा प्रकार, कोरलेला असतो, पण नुसत्या कोरलेल्या अक्षरांवर जाऊ नका. नग हातात घेऊन, नावाजलेला ब्रँड बघून, थोडे जास्त पैसे देऊन कमी नग घ्या. माझा पूर्ण संच जमायला दोन वर्षं लागली. एकेका कामाला जे लागलं, ते त्या वेळी घेतलं. एअर फिल्टर बदलताना 10 ची गोटी, बॅटरी काढताना 10 चाच रिंग पाना, स्पार्क प्लगच्या वेळी आत रबर असलेली खास गोटी.

बॅटरीचं निघालंच आहे तर सांगतो. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असली, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो. पाना लालभडक होताना मी पाहिला आहे.

(दृश्य : टॉर्क रेंच. मुठीवरचा आकडा फिरत 85 वर येतो.)

दुसरा मोठा खर्च टॉर्क रेंचवर, म्हणजे आपण लावलेल्या मापाइतका जोर झाला की टक असा आवाज करणाऱ्या पान्यावर. माझ्या मते या डब्यातलं सर्वांत प्रामाणिक हत्यार हेच. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटाला 85 न्यूटन-मीटर दिलेत. याचा अर्थ, 45 सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण 19 किलोचा जोर. एवढाच. आपण काय करतो? 30 सेंटिमीटरच्या पान्यावर उभं राहतो. 60 किलोच्या माणसाचा तो जोर 175 न्यूटन-मीटरच्या पुढे जातो, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो, आटे जातात. आणि कधीतरी पावसात, रात्री, हायवेवर पंक्चर होतं तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तो नट सुटत नाही. मला हा विचार फार छळतो, कारण ही गाडी माझी बायको जास्त चालवते.

टॉर्क रेंचचा उपयोग फक्त शेवटच्या आवळण्याला. त्याने नट सोडवायचा नाही. टक असा आवाज झाला की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा एकदा ओढायचं नाही. काम झालं की आकडा मुठीवरच्या सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहून माप चुकायला लागतं.

(दृश्य : बॅटरीची गन हातात. चालू होण्याचा आवाज, मग शांतता.)

आता गन. ती वाईट नाही, माझ्याकडे अजून तीच आहे. पण ती माझ्या हाती लागली चुकीच्या क्रमाने. 10 च्या पान्याने फिरणारा 6 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटर मागतो. बाजारातली अर्धा इंची गन 300 च्या पुढची असते. मी तिने टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, बोल्ट आवळायला गेलो. डोकं माझ्या हातात आलं, धड इंजिनात राहिलं. ते ड्रिल करून बाहेर काढायला एका जाणत्या मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला. हाताने आवळताना बोल्ट आधी घट्ट लागतो, मग जरा जड होतो, आणि तुटण्याआधी विचित्र मऊ लागतो. तो मऊपणा बोटांना कळतो. गन हातात असली की कळायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिलं वर्षभर हातानेच काम करा असं मी म्हणतो.

त्यानंतर घ्या, आणि चाकाचे नट सोडवण्यापुरती वापरा. बॅटरीवरचीच घ्या, कारण आपल्या पार्किंगला प्लग नसतो आणि सोसायटीच्या मीटरवरून वायर ओढणं बरोबर नाही. 18, 20, 21 व्होल्ट या आकड्यांत अडकू नका. आत त्याच पाच लिथियम सेल असतात. प्रत्येकी 3.6 धरला तर 18, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 धरला तर 21. खोक्यावर 88 किंवा 128 छापलेल्या गनमध्येही बहुधा पाचच सेल निघतात. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत साठा किती, ते बघा, मोटर ब्रशलेस, म्हणजे घासणाऱ्या कार्बन ब्रशविना चालणारी, आहे का बघा, आणि कंपनी विचार करून निवडा, कारण एका कंपनीची बॅटरी दुसरीला बसत नाही. पुढची सगळी यंत्रं त्याच बॅटरीच्या मागे येतात. गनला काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच लावा. चकचकीत क्रोमची गोटी कडक असते, ठोक्यांनी तिचा तुकडा उडू शकतो.

ग्राइंडर बहुतेकांना लागत नाही. घेतलाच, तर गार्ड काढायचा नाही, चार इंची मशिनला पाच इंची चकती लावायची नाही, चकतीवर छापलेली मुदत बघायची, आणि चष्मा घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. डोळ्यात गेलेली ठिणगी परत घेता येत नाही.

खरं तर विजेवरची पहिली वस्तू म्हणून मी डोक्याला बांधायचा दिवा सुचवेन. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि जे दिसतं तेच नीट दुरुस्त होतं.

एअरबॅग, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग आणि हायब्रिड गाडीतली जास्त व्होल्टची नारिंगी केबल, या तिघांना मी हात लावत नाही. त्या कामांना गॅरेज.

(दृश्य : अण्णा खुर्चीवर बसून पाने पुसत आहेत. बाहेर जूनचा पहिला पाऊस.)

पावसाळ्यापूर्वी अण्णा सगळे पाने पुसतात, तेलाचा पातळ हात फिरवतात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या ते वर्षभर जमवतात. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट पान्याविषयीच होती. "पाना आपल्याकडे ओढा, जावईबापू. ढकलू नका." ढकलताना पाना सटकला की बोटांची हाडं समोरच्या लोखंडावर आदळतात. ओढताना सटकला तर फार तर आपण मागे जातो.

(दृश्य : चाक जागेवर. गाडी खाली येते. टॉर्क रेंच समोरासमोरच्या नटांवर, फुलीच्या क्रमाने.)

ब्रेक पॅड बदलले. चाक बसवलं, नट आधी बोटांनी फिरवले, मग पान्याने हलके आवळले, गाडी खाली उतरवली आणि आता शेवटचं आवळणं. पहिला नट. मग त्याच्या समोरचा. तिसरा. चौथा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबून घट्ट होईपर्यंत थांबायचं, नाहीतर पहिल्या वळणाला पाय तळाशी जातो.

नऊ वाजून दहा मिनिटं. हात साबणाने धुवायचेत. संध्याकाळी घोडबंदरपर्यंत जाऊन आलो, की चाकं गार झाल्यावर हेच चार नट पुन्हा एकदा 85 वर तपासायचे.