डांबरावर पायवाट पडत नाही

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी मी दारात उभी होते. तुमच्यापैकी बहुतेकजण समोरच्या रस्त्यावरून, पदपथाच्या कडेकडेने चालत आलात. पदपथ होता, तरी रस्त्यावरून. मीही तशीच आले, त्यामुळे तक्रार नाही.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, की लोकांना शिस्त नाही. चालणाऱ्यांचा अभ्यास करता करता माझं या वाक्याशी भांडण झालं आहे, आणि आजचं व्याख्यान म्हणजे ते भांडणच आहे.

मराठीत पायवाट ‘पडते’. कुणी ती आखत नाही, तिचं भूमिपूजन होत नाही. शाळेत जाणारी पोरं बांधावरून जिथनं जातात, तिथलं गवत मरतं आणि वाट दिसायला लागते. शहरात पंचाईत अशी की डांबरावर पाऊल उमटत नाही. एकाच जागेवरून दिवसभर माणसं रस्ता ओलांडतात, पण रस्ता आखणारा माणूस नकाशा घेऊन येतो तेव्हा त्याच्यासमोर कोरं काळं डांबर असतं. ती न उमटलेली वाट कागदावर काढणं, हे आमचं काम.

साधन फार साधं आहे. चौकाच्या कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीत बसायचं. (सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी मिळवणं हा या संशोधनातला सर्वांत कठीण टप्पा.) चौकाचा नकाशा मांडीवर घ्यायचा आणि दिसेल त्या प्रत्येक माणसाची एक रेघ ओढायची. कुठून निघाला, कुठे थांबला, कुठून पलीकडे गेला. तासाभरात रेघांचा दोर वळला जातो. झेब्रा क्रॉसिंग एकीकडे आणि दोर दुसरीकडे, बसथांब्याच्या नाकासमोर, असं फार वेळा दिसतं. मग खाली उतरून पाहिलं की खुणा सापडतात. दुभाजकाचा पिवळा-काळा रंग तेवढ्याच दोन हातांत उडालेला असतो, रेलिंगचे गज वाकलेले असतात.

अशा एका ठिकाणी दुभाजकाला टेकवून पेव्हर ब्लॉकचे दोन तुकडे ठेवलेले होते, एकावर एक, नीट बसवून. दुभाजक गुडघ्याएवढा, म्हणून ही पायरी. कुणी ठेवले, म्हणून शेजारच्या फुलवाल्या मावशींना विचारलं. त्या गजरा ओवता ओवता म्हणाल्या, “मीच ठेवले. पलीकडं देऊळ आहे. म्हाताऱ्या बायकांना पाय उचलवत नाही. हात कुणाकुणाला देऊ?” त्या चौकाच्या आराखड्यात देवळाची नोंद नव्हती. मावशींना ते देऊळ माहीत होतं, आणि त्यांनी त्यांच्या ऐपतीनं रस्त्याची रचना दुरुस्त केली होती. काही महिन्यांनी तिथे उंच रेलिंग आलं, तुकडे गेले. म्हाताऱ्या बायका आता वाहनांच्या कडेनं पुढच्या फटीपर्यंत चालत जातात. सुरक्षिततेसाठी केलेलं काम हे.

आता थोडं गणित. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारणपणे धरतात. १८ मीटरचा रस्ता, म्हणजे १५ सेकंद. गुडघा धरलेली आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला साडेबावीस सेकंद लागतात. उरलेले साडेसात सेकंद ती सुटलेल्या दुचाकींसमोर असते. दुसरी गोष्ट वाट बघण्याची. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावं लागलं की पायी माणसाचा धीर सुटतो, हे वाहतूक अभियांत्रिकीत जुनं, मान्य झालेलं निरीक्षण आहे. आपल्याकडे सिग्नलचं दोन-दोन मिनिटांचं चक्र असतं. आणि त्यावर कडी म्हणजे ‘फ्री लेफ्ट’! सगळ्यांना लाल दिवा असताना डावीकडे वळणारे वळतच असतात. मग चालणाऱ्याची पाळी येते कधी? कागदावर येते.

पदपथाचं तसंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. निवासी भागात १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाऊ शकतात. कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेची, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे घरच्या जिन्याची एक पायरी. यातला ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. आपण कर्बपासून भिंतीपर्यंत टेप लावतो आणि रुंदी लिहून मोकळे होतो. झाड, विजेच्या डीपीची पेटी, पाटीचा खांब, चेंबरचं वर आलेलं झाकण यांच्यामधून टेप लावून बघा, काय उरतं ते. शिवाय दर बंगल्याच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. गाडीला धक्का बसू नये म्हणून माणसानं चढ-उतार करायचे. आजी सपाट डांबरावरून चालते यात बेशिस्त कुठे आली? तिनं दोन्ही पर्याय तपासले आहेत.

आणि त्याची किंमत लहान नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतला जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा.

मुंबईनं यावर चालणाऱ्यालाच उचलून वर ठेवला. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला स्कायवॉक आला, मग ठिकठिकाणी आले. स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेला स्कायवॉक लोक वापरतात, कारण ते आधीच वर असतात. पण नुसता रस्ता ओलांडायला दोन जिने चढून दोन उतरा म्हटलं, तर हातात भाजीची पिशवी असलेला माणूस खालूनच जाणार.

शहररचनेचा अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्डचा सॅन फ्रान्सिस्कोमधला अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यानं रस्त्यापेक्षा रस्त्याकाठची माणसं मोजली. सारख्याच वस्तीतल्या तीन गल्ल्या. एकीवरून दिवसाला साधारण २,०००, दुसरीवरून ८,०००, तिसरीवरून १६,००० वाहनं. कमी रहदारीच्या गल्लीत माणसाला गल्लीतच जितके मित्र होते, त्याच्या एक तृतीयांश जास्त रहदारीच्या गल्लीत. माझं घर कुठून कुठपर्यंत, असं विचारल्यावर शांत गल्लीतले लोक अख्खी गल्ली दाखवत. आपल्या पेठांमधला ओटा कसा गेला, ते यात मला दिसतं. ओट्यावर बसलं की समोरच्याशी बोलता येत होतं. मध्ये हॉर्न आले तसे आपण आत गेलो. अ‍ॅपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेला.

पुण्यात काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण केलं. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला, तिथे संध्याकाळी बसायला लोक येतात. पण तो रस्ता मुळातच ऐसपैस. खरी परीक्षा जिथे भिंत ते भिंत नऊ मीटर आहे तिथे, आणि तिथे आपण अजून पी-वन, पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या, पाट्याच लावतो. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद ठेवला होता. मी गेले होते. अख्खा रस्ता मोकळा, आणि तरी सुरुवातीला माणसं कडेनंच चालत होती, अंग चोरून, मागे वळून बघत. एका बाईंनी तर मोकळ्या रस्त्यावर मुलाला हाताला धरून आत ओढलं. सवय! मग कुणीतरी मधोमध चालायला लागलं आणि हळूहळू सगळा रस्ता भरला.

आता एक कामाचं. पुढच्या रविवारी सकाळी सातपासून आमची मोजणी आहे आणि माणसं कमी पडताहेत. पेन्सिल आम्ही देऊ, टोपी आणि पाणी तुमचं. गच्चीची परवानगी मिळाली आहे. लिफ्ट बंद आहे, तेवढं सांगून ठेवते.