२२ नोव्हेंबर २००७ ही तारीख
(गोव्यातील डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, डिचोलीत उभं राहून खाणीवर बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्द तोलून बोलायला हवा. इथे बसलेल्या कितीतरी घरांच्या अंगणात खनिज वाहणारा ट्रक, म्हणजे टिप्पर, उभा होता. काहींचा अजून उभा असेल, चाकांखाली दगड लावून. मी वकील आहे. मोठ्या प्रकल्पांना बँका कर्ज देतात, त्या कर्जाचे करार लिहिणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. त्या कामाबद्दल बोला, असं मला सांगितलंय. मी ते एका छोट्या कर्जापासून सुरू करते.

२०१३ च्या पावसाळ्यात एक ट्रकमालक आणि त्यांची पत्नी माझ्या ऑफिसात आली. पावसात भिजू नये म्हणून कर्जाचा करार दुधाच्या पिशवीत घालून आणला होता. पंचवीसेक पानं, सगळी इंग्रजीत. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्या, एक नवऱ्याची आणि एक बाईंची. बाईंची सही देवनागरीत, सावकाश काढलेली. टिप्पर ओढून नेण्याची नोटीस आली होती. बाईंनी करार माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "बाय, हांतूंत कितें बरयलां?" म्हणजे, यात काय लिहिलंय? त्या सह्यांना तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

टिप्पर नवऱ्याच्या नावावर, मग बाईंची सही कशाला? गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची मिळून असते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही. टिप्पर नजरगहाण होता, म्हणजे ताबा मालकाकडे पण तारण बँकेचं, आणि त्याच्या जोडीला राहतं घर तारण होतं. म्हणजे गोव्याचा कायदा काय म्हणतो हे बँकेच्या वकिलाला पक्कं ठाऊक होतं. बायकोची सही घ्यायला तो विसरला नाही. पण ज्या खाणीच्या खेपांवर हप्ता फिटणार होता, त्या खाणीच्या लीजची मुदत कधी संपते, हा प्रश्न त्या पंचवीस पानांत कुठेच नव्हता.

आता हिशेब लावू. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या हुकुमाखाली इथे खाणींची कन्सेशन्स, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, दिली, तीही बेमुदत. मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, संसदेने कायदा करून ती कन्सेशन्स रद्द केली आणि २० डिसेंबर १९६१ पासून ती खाण लीज मानली. त्या कायद्यावर २३ मे १९८७ ला राष्ट्रपतींची सही झाली. मानलेल्या लीजची मुदत सहीपासून सहा महिने, म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत. पुढे नूतनीकरण जास्तीत जास्त वीस वर्षांचं. म्हणजे २२ नोव्हेंबर २००७. कागद समोर ठेवून बोटांवर मोजता येईल असा हा हिशेब आहे. अर्ज प्रलंबित असेल तर लीज आपोआप चालू राहते, असा समज सगळ्यांनी धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला सांगितलं की दुसऱ्या नूतनीकरणाला तो नियम लागत नाही. तिथे सरकारने कारणं लिहून आदेश द्यावा लागतो. म्हणून २००७ नंतर काढलेलं खनिज बेकायदा ठरलं आणि त्याचा मालक राज्य ठरला.

निकाल वाचला त्या रात्री मी त्या कराराची झेरॉक्स पुन्हा काढली. तारीख होती ऑगस्ट २०११. लीज संपून पावणेचार वर्षं झाली होती.

यात एकट्या बँकेला दोष देऊन मला थांबायचं नाही. सरकार रॉयल्टी घेत होतं, बंदरातून लोहखनिज चीनला जात होतं, नदीत बार्जची रांग होती. इतकं सगळं डोळ्यांसमोर चालू असताना मुदत कोण विचारणार? पण वकिलाची फी त्यासाठीच असते. सगळं सुरळीत चालू असताना एकाने तरी कागद उघडून शेवटची तारीख शोधायची असते.

आता मोठ्या कर्जांकडे येते. विमानतळ, महामार्ग, बंदर यांसाठी बँक सहसा मूळ कंपनीला कर्ज देत नाही. त्या एकाच कामासाठी एक नवी कंपनी काढतात, तिला आम्ही एसपीव्ही म्हणतो. तिच्याकडे दुसरी मिळकत नसते. असतो तो सरकारशी केलेला कन्सेशन करार, म्हणजे प्रकल्प ठरावीक वर्षं चालवण्याचा हक्क, आणि उद्या येणारी कमाई. कर्ज त्या कमाईवर मिळतं. म्हणून तो एक करार मोडला तर काय, याचीच उत्तरं आम्ही महिनोन्‌महिने लिहीत बसतो. कमाई सगळी एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला मनाप्रमाणे हात लावता येत नाही अशा खात्यात, जमा होते आणि तिथून ठरलेल्या क्रमाने वाटली जाते: आधी कर, मग चालवण्याचा खर्च, मग बँकेचा हप्ता, मग राखीव निधी, आणि उरलं तर मालकाला. कंपनी निकामी ठरली, तर तिच्या जागी दुसरी आणण्याचा हक्क बँकेला वेगळ्या कराराने मिळतो. पर्यावरण दाखला, वनखात्याची परवानगी, जमिनीचा ताबा हे सगळं हातात आल्याशिवाय पहिला रुपया सुटत नाही.

मोपाचं उदाहरण घ्या. गोवा सरकारने ८ नोव्हेंबर २०१६ ला विमानतळाचा कन्सेशन करार केला, चाळीस वर्षांचा. काम सुरू झालं. २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला; अर्जात द्यायला हवी होती ती माहिती दिली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने नीट तपासलं नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. १६ जानेवारी २०२० ला अटी घालून स्थगिती उठली. साडेनऊ महिने काम बंद आणि व्याज मात्र चालूच. तरीही ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. मला त्यातलं एकच दाखवायचंय. अशा करारांत काम थांबलं तर काय होईल, हे आधीच लिहिलेलं असतं: मुदत कशी वाढते, कोणत्या कारणाने थांबलं तर कोण किती सोसतो, करारच संपला तर बँकेचं किती कर्ज सरकार फेडतं. एक थांबणं पेलायला शेकडो पानांचा आधार असतो.

ट्रकमालकाचं काम १० सप्टेंबर २०१२ ला थांबलं. राज्य सरकारने खाणी बंद केल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मग २०१४ नंतर वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत पुन्हा सुरुवात, ८८ लिजांचं नूतनीकरण, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला तेही रद्द. १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प. यातल्या एकाही तारखेसाठी त्याच्या करारात एक ओळ नव्हती. बंदीच्या काळात हप्त्याचं काय, याचं उत्तर कोऱ्या कागदाइतकंच कोरं होतं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. कारण तो धोका नाहीसा झाला नव्हता. वरच्या प्रत्येकाने आपल्या करारातून तो खाली सरकवला, आणि ज्याच्याजवळ वकील नव्हता त्याच्या अंगणात तो येऊन थांबला.

जमिनीच्या कागदांबद्दल थोडं. बाहेरचे वकील इथे आले की खाणीची लीज पाहतात आणि जमीन आलीच असं समजतात. खालचं खनिज एकाचं, वरची जमीन दुसऱ्याची. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे इथल्या सातबारावर, कुळाचं नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती उघडायला हवी. घर असेल तर मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आहे का ते विचारायला हवं. जमीन कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, असेल तर आणखी वेगळी वाट. मयेसारख्या गावात तर स्थलांतरितांच्या मालमत्तेचा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि २०१४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. हे सगळं तलाठ्याकडे, पंचायतीत, देवळाच्या पायरीवर बसून समजतं.

आता पुढचं. २०१५ पासून लीज लिलावानेच मिळते, पन्नास वर्षांसाठी. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये चार ब्लॉकचा लिलाव झाला, त्यातला पहिला इथलाच, डिचोलीचा. मुदतीचा प्रश्न तिथे मिटला असं म्हणता येईल. पण सरकारला जाणारा वाटा पाहा: रॉयल्टी १५ टक्के, तिच्या दहा टक्के जिल्हा खनिज निधीला, आणि याशिवाय लिलावात बोललेली टक्केवारी, तीही भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेल्या सरासरी भावावर. बाजार पडला तर कंपनी आधी काढणी कमी करते. काढणी कमी म्हणजे खेपा कमी. एस्क्रोच्या क्रमात वाहतुकीचं बिल बँकेच्या हप्त्याच्या आधी येतं हे खरं, पण बिल व्हायला खेप व्हावी लागते. मोठ्या करारांत आम्ही किमान मालाची हमी लिहून घेतो: माल उचला किंवा नका उचलू, ठरलेले पैसे द्या. ट्रकमालकांच्या संघटनांनी दराइतक्याच जोराने हीच मागणी लावून धरावी, असं माझं ठाम मत आहे. महिन्याला किमान इतक्या खेपा, नाहीतर उभ्या टिप्परचं ठरलेलं भाडं. आणि बँकेकडे मागायचं ते एकच कलम: सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने खाण बंद झाली, तर तेवढे महिने हप्ता पुढे जाईल आणि घरावर बोजा चढणार नाही.

नवे टिप्पर घ्यायचे का, असं मला आत येताना तिघांनी विचारलं. उभ्या-उभ्या उत्तर देणार नाही. येत्या शनिवारी सकाळी दहापासून मी याच सभागृहात बसणार आहे, फी नाही. कर्जाचा करार सही करायच्या आधी घेऊन या, खाण कंपनीबरोबरचा वाहतुकीचा करार घेऊन या, आणि ज्यांची सही दुसऱ्या जागेवर लागणार आहे त्यांनाही बरोबर आणा. प्रत्येक पान मी मराठीत वाचून दाखवीन.