कापडामागे काय आहे?
कार्यालयांतील हाउसकीपिंग पर्यवेक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी सोफे धुतले आहेत, गालिचे धुतले आहेत, आणि त्याच मशीनने, त्याच शाम्पूने कापडी पार्टिशनही धुता येईल, असा विचार कधी ना कधी केला असेल. मीही केला होता. व्यवसायाच्या दुसऱ्याच वर्षी मुंबईतल्या एका कार्यालयात आम्ही शनिवारी रात्री ४८ पॅनेले सोफ्यासारखी धुतली. रविवारी पहाटे ती नवी दिसत होती. सोमवारी सकाळी त्यांच्या खालच्या भागावर चहाच्या रंगाचे ओघळ उमटले होते आणि काही ठिकाणी कापड फुगून सुटले होते. कापड बदलून देण्याचा खर्च आमच्याच खिशातून गेला. तेव्हापासून पार्टिशनसमोर उभा राहिलो की मी कापडाआधी कापडामागची चौकशी करतो.

कापडी पार्टिशनची ही कल्पना अमेरिकेतली. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी आखलेली, हलवता येणाऱ्या पॅनेलांची कार्यालयीन रचना १९६८ साली बाजारात आली आणि पुढे तिच्या नकला जगभर पसरल्या. आपल्याकडे मात्र सुताराने जागेवर बनवलेली पार्टिशनेही भरपूर आहेत. त्यांत ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडी चौकटीत प्लायवूड, त्यावर टाचण्या टोचता याव्यात म्हणून सॉफ्टबोर्ड आणि त्यावर ताणून किंवा चिकटवून बसवलेले कापड असते. हा सॉफ्टबोर्ड अनेकदा उसाच्या चिपाडापासून केलेला असतो. तो भिजला की त्यातला तपकिरी अंश पाण्यात उतरतो, आणि वाळताना पाणी बाहेरच्या बाजूला ओढले जात असल्यामुळे तो रंग कापडावर येऊन थांबतो. सुतारी कामातला पांढरा गोंदही ओलीने मऊ पडतो. सोफ्याच्या गादीत शिरलेले पाणी मशीन पुष्कळसे परत खेचून घेते. पार्टिशनमध्ये शिरलेले पाणी खाली उतरते आणि चौकटीच्या तळाशी, म्हणजे बहुधा विजेच्या तारा जातात तिथेच, साचते. म्हणून ओले काम सुरू करण्याआधी त्या ओळीतला वीजपुरवठा इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घेणे हा आमच्याकडे नियम आहे; त्याला अपवाद नाही.

कापड ओळखण्यासाठी पॅनेलच्या मागच्या कडेचा एक धागा काढून, इमारतीबाहेर नेऊन चिमट्यात धरून जाळावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सुती किंवा तागाचा धागा कागदासारखा जळतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर सोशिक असते. लोकरीवर तीव्र अल्कलीयुक्त साबण नको, आणि क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच नको, कारण ते लोकर अक्षरशः विरघळवते. रंगाची परीक्षा पांढऱ्या फडक्याने करावी: वापरायचे द्रावण लपलेल्या कोपऱ्यावर लावून फडके मिनिटभर दाबून धरावे, आणि त्यावर रंग उतरला तर ते द्रावण बाजूला ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. या कामाचा मोठा भाग कोरडाच आहे, हे ग्राहकाला पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण फेस दिसला नाही तर पैसे वाया गेले असे त्याला वाटते. टाचण्या आणि स्टेपल काढून, मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्युमने वरून खाली, सावकाश, प्रत्येक पट्टा दोनदा ओढावा. सुकी धूळ ओली केली की तिचा चिखल होतो आणि तो धाग्यांत बसतो. एसीच्या झरोक्याजवळ किंवा दोन पॅनेलांच्या सांध्यावर काळ्या रेषा दिसतात, त्या पुसण्याआधी समजून घ्याव्यात: फटीतून हवा वाहते, कापड गाळणीचे काम करते आणि हवेतली बारीक काजळी तिथेच अडकते. कोरड्या रबरी स्पंजाने ती बरीच निघते. पण फट बुजवली नाही तर काही महिन्यांत रेषा परत येते, आणि तेही ग्राहकाला आधीच सांगावे.

आपल्याकडचा खास डाग म्हणजे खुर्चीच्या मागे, डोक्याच्या उंचीवर पडलेला तेलाचा गोल. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठते, आणि एसी लावलेल्या कार्यालयात ते धाग्यांत थिजून धुळीला धरून बसते. पाणी आणि साबण तिथे फारसे काही करत नाहीत. ड्राय क्लीनिंगसाठी मिळणारा द्रावक (सॉल्व्हंट) फडक्यावर घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, टिपून काढावे. कापडावर थेट फवारू नये. जुन्या डागावर त्याच द्रावकात मुलतानी माती कालवून तिचा लेप द्यावा, वाळू द्यावा आणि व्हॅक्युमने ओढून घ्यावा.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमचा फोन जास्त वाजतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला संगणकाची, प्रिंटरची पूजा होते आणि हळदीकुंकवाची बोटे शेजारच्या पार्टिशनलाही लागतात. सफाई कर्मचारी चांगल्या हेतूने साबण लावतो आणि पिवळा डाग लालसर तपकिरी होतो. साबणात अल्कली असते, हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, आणि घरोघरी हळदीत चुना घालून कुंकू करत ते याच गुणावर. अशा वेळी आधी कोरडी पूड व्हॅक्युमने काढावी, पाण्याचा थेंबही लावू नये. उरलेला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपत जावे, आणि हा बोळाही आधी लपलेल्या कोपऱ्यावर लावून पाहावा. राहिलेली छटा उजेडात हळूहळू फिकी पडते. खिडकीजवळचे पॅनेल असेल तर मी ग्राहकाला थोडे थांबायला सांगतो.

ओले काम करायचेच असेल तर कमीत कमी ओलीचे करावे. द्रावणाचा फेस करावा, तेवढाच फेस मऊ ब्रशने लावावा आणि लगेच पिळलेल्या मायक्रोफायबर फडक्याने उचलावा. पॅनेल एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पूर्ण घ्यावे. मध्येच थांबलो तर ओल जिथे संपते तिथे कडा उमटते आणि ती मूळ डागापेक्षा ठळक दिसते.

सभागृहातील ध्वनिशोषक पॅनेले हा वेगळा विषय आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. त्यांच्या कापडावर आग रोखणारे रसायन फवारलेले असू शकते आणि त्यांतली काही रसायने पाण्याने धुऊन जातात, म्हणून पुरवठादाराचे लेखी उत्तर येईपर्यंत तिथे पाणी वापरू नये. दुसरे, साबणाचा थर कापडाच्या छिद्रांत राहिला तर आवाज आत शिरण्याची वाटच अडते. असे पॅनेल स्वच्छ दिसते, पण ज्यासाठी बसवले ते काम कमी करते.

पावसाळ्यात हे काम शक्यतो घेऊ नये. घ्यावेच लागले तर शनिवारी दुपारी सुरू करावे आणि एसी रविवारभर चालू ठेवण्याची परवानगी लेखी घ्यावी, कारण सुट्टीत एसी बंद असला तर दमट हवेत सॉफ्टबोर्डच्या आत बुरशी धरते आणि ती बाहेर दिसेपर्यंत आपले बिल चुकते झालेले असते. सोमवारी सकाळी मी स्वतः जाऊन हाताची मागची बाजू प्रत्येक पॅनेलच्या खालच्या कडेला लावून पाहतो. गार लागले तर पंखा तिथेच ठेवतो, आणि खुर्च्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवूनच कार्यालय ताब्यात देतो.