जर्मनची होडी

मित्रहो, माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियम हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पातेलं जर्मनचं, टोप जर्मनचा, डबाही जर्मनचा. त्या भांड्यांबाबत तिचे दोन दंडक होते. जर्मनच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी रात्रभर ठेवायची नाही आणि भांडं धुण्याच्या सोड्याने घासायचं नाही, काळं पडतं. पुढे मी धातुशास्त्र शिकलो तेव्हा पुस्तकात वाक्य आलं, की अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर साधारण 4 ते 8.5 पीएचच्या दरम्यानच टिकतो (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप). आम्लात विरघळतो, अल्कलीतही विरघळतो. आजीचे दोन्ही दंडक त्या एका वाक्यात होते.

आज ज्या होडीबद्दल बोलायचं आहे ती त्याच जर्मनची. 14 फूट लांब, पत्रे रिव्हेटने जोडलेले, साठच्या दशकातली. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 10 एकरांहून मोठी तळी 11,842 आहेत, आणि त्यांच्या काठाने हिंडलं की अशी एखादी होडी कुठेतरी पालथी पडलेली दिसतेच. मला मिळालेली होडी एका शेजाऱ्यांच्या गॅरेजमागे होती. हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, मागच्या फळीचं लाकूड कुजलेलं. त्यांनी ती फुकट दिली. ती पुन्हा पाण्यात उतरवायला मला दोन उन्हाळे लागले. पहिल्या उन्हाळ्यात दिलेला रंग पुढच्या वसंतात नखाने सोलून निघाला. तो का निघाला हे समजून घेणं हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आधी थोडा इतिहास, कारण या धातूच्या होडीचे धोके पहिल्या पाच वर्षांतच कळले होते. 1886 साली अ‍ॅल्युमिनियम विजेने वेगळं करण्याची रीत सापडली आणि सोन्याचांदीच्या रांगेतला हा धातू स्वस्त होऊ लागला. 1891 मध्ये झुरिकच्या एशर विस कारखान्याने आल्फ्रेड नोबेलसाठी अ‍ॅल्युमिनियमची नौका बांधली. 1895 मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी अमेरिका चषकासाठी ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका बांधली. वजन वाचवायचं म्हणून पाण्याच्या वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, पाण्याखालचा ब्राँझचा, आतल्या फासळ्या पोलादाच्या. चषक तिने जिंकला. पण तीन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारं पाणी. म्हणजे त्यांनी समुद्रात एक मोठी बॅटरीच सोडली होती. अशा जोडीत जो धातू जास्त सक्रिय असतो तो झिजून दुसऱ्याला वाचवतो. इथे झिजलं ते अ‍ॅल्युमिनियम. 1901 मध्ये नौका मोडीत निघाली.

या धातूच्या छोट्या होड्या घरोघरी पोचल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाऊ विमानं बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीतले विल्यम हॉफमन 1944 मध्ये जंगलातल्या सहलीत जड लाकडी कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, खांद्यावरून वाहून दमले, आणि विमानाच्या पत्र्याची कनू का करू नये असं त्यांच्या मनात आलं. 1945 मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. विमानाचा पत्रा, विमानाचे रिव्हेट, विमानाचे कारागीर. माझ्या होडीच्या रिव्हेटांची रांग मी पहिल्यांदा बोटाने चाचपली तेव्हा ती शिस्त हाताला कळली. दर इंचाला एक, ओळ कुठेही चुकलेली नाही.

आता कामाकडे येतो. रंग काढण्याआधी गळती शोधायची. होडी ट्रेलरवर नीट टेकवून आत चारपाच इंच पाणी भरायचं. जास्त नको, पाण्याच्या वजनाने पत्रा ताणला जातो. मग खाली आडवं होऊन जिथे थेंब दिसेल तिथे पेन्सिलीने गोल करायचा. माझ्या होडीला असे सतरा गोल झाले. ढिले रिव्हेट बदलण्याची घाई करायची नाही. आतून लोखंडाचा जड ठोकळा धरून बाहेरून हातोडीने बेताने ठोकले की बरेचसे पुन्हा घट्ट बसतात. या कामाला दोन माणसं लागतात. माझी मुलगी आत ठोकळा धरून बसायची आणि प्रत्येक ठोक्याला मोठ्याने आकडा म्हणायची.

आतली फळी उचलली तेव्हा खाली एक जुनं सेंटचं नाणं चिकटलेलं सापडलं. 1982 पूर्वीच्या सेंटमध्ये 95 टक्के तांबं असायचं. नाण्याखालच्या पत्र्यात पांढऱ्या भुकटीने भरलेला खड्डा होता, तो टोकराने उकरला तर जवळजवळ आरपार गेला. एका नाण्याने! ‘डिफेंडर’ची सगळी कथा त्या खड्ड्यात होती. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मागची कुजलेली फळी बदलताना बाजारात मिळणारं, कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड वापरू नका. 2004 पासून घरगुती वापराच्या अशा लाकडात मुख्यतः तांब्याचे क्षार असतात. ओल धरली की ते लाकूड अ‍ॅल्युमिनियमला आतून खातं, आणि वरून रंग शाबूत असल्यामुळे काही वर्षं पत्ता लागत नाही. साधं चांगलं प्लायवूड घ्या, सगळ्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) पाजा, मगच बसवा. तांब्याचा बुरशीरोधक आणि शेवाळरोधक रंगही याच कारणाने वर्ज्य. अमेरिकेने 1988 च्या कायद्याने कथिलाच्या संयुगाचे विषारी रंग 25 मीटरहून लहान नौकांवर बंद केले, पण अ‍ॅल्युमिनियमच्या नौकांना त्यातून वगळलं, कारण दुसरा पर्याय तांब्याचा होता. आपल्याला या वादात पडायचंच कारण नाही. संध्याकाळी ट्रेलरवर घरी येणाऱ्या गोड्या पाण्यातल्या होडीवर शेवाळ धरत नाही.

आता जुना रंग. हिरव्याखाली मला राखाडी मिळाला आणि त्याखाली पिवळसर हिरवट थर. ही छटा दिसली की हात थांबवायचा. तो झिंक क्रोमेटचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, असू शकतो. विमानांच्या काळातला, कामाला उत्तम, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. राखाडीत शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवायची नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, नाकावर साधा कापडी मास्क पुरत नाही. ओलं घासा किंवा रसायनाने सोला, आणि सोललेला कचरा गोळा करून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या, गवतात सोडू नका.

रसायनाबद्दल जुने लोक अजून मिथिलीन क्लोराइडची आठवण काढतात. रंग खरंच दहा मिनिटांत फुगायचा. पण बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत, आणि 2019 पासून इथे घरगुती ग्राहकाला ते विकायला बंदी आहे. मी बेंझिल अल्कोहोलचा जेल वापरला. जाड थर लावायचा, वर प्लास्टिकचा कागद पसरायचा आणि रात्रभर विसरायचं. सकाळी प्लास्टिकच्या खरवडणीने ओढलं की कारल्याच्या सालीसारखा रंग येतो. कॉस्टिकचा रंगनाशक मात्र कधीही नको. आजीचा दुसरा दंडक आठवा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला नुसता काळा करत नाही, त्याला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. वाळूच्या माऱ्यानेही पातळ पत्रा वाकतो. रिव्हेटांभोवती राहिलेला रंग काढायला साधा तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि नव्या रंगातून गंजाचे ठिपके वर येतात.

इथवर मी पहिल्या उन्हाळ्यातही पोचलो होतो. होडी आरशासारखी चकचकीत केली, मन भरून पाहिली, आठवडाभर झाकून ठेवली आणि मग रंग दिला. चूक तिथे झाली.

तुमच्यातल्या काहींनी कल्हईवाला पाहिला असेल. आमच्या गल्लीत यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी, चामड्याचा भाता. पितळी पातेलं लालसर तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उसळायचा, कापडाच्या बोळ्याने आतून पुसायचा, आणि लगेच, त्याच श्वासात, कथलाची कांडी टेकवायचा. कथील पाण्यासारखं पसरायचं. त्या ‘लगेच’मध्ये सगळी विद्या आहे. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटतं, ते धातूवरचं ऑक्साइड खाऊन टाकतं, आणि पुन्हा ऑक्साइड धरायच्या आत कथील तिथे पोचतं. मध्ये थांबून चहा घेतला असता तर कल्हई गोळ्यागोळ्यांनी सुटली असती.

अ‍ॅल्युमिनियमचं तर कौतुकच वेगळं. उघडं केलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडची कातडी येते, काही नॅनोमीटर जाडीची. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच हा पदार्थ, तुमच्या पॉलिश पेपरवरचे कणही बहुधा त्याचेच. ताजी कातडी पातळ, घट्ट आणि स्वच्छ असते. दिवस गेले की तिच्यावर ओल, तेलकटपणा, हाताचा घाम बसतो आणि ती मऊ, भुकटीसारखी होत जाते. रंग त्या भुकटीला चिकटतो, आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. माझा रंग सोलून निघाला तेव्हा त्याची मागची बाजू पांढरट होती. रंगाने आपलं काम केलं होतं, पापुद्रा सुटला तो खालून.

म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात मी सगळं घड्याळ लावून केलं. आधी तेलकटपणा काढायचा, मग घासायचं. उलट केलं तर तेल ओरखड्यांत घासलं जातं. दोन फडकी ठेवायची, एक द्रावणाचं आणि दुसरं कोरडं, आणि द्रावण वाळण्याआधी पुसून घ्यायचं. मग 80 नंबरच्या पेपरने हलकं घासायचं, चकाकी मारायची, रंगाला धरायला खरखर हवी. मग पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर पत्रा स्वच्छ, मोत्यांसारखे थेंब होऊन तुटलं तर तेल अजून आहे, पुन्हा सुरुवात. ही परीक्षा फुकट आहे आणि कधी खोटं बोलत नाही. त्यानंतर फॉस्फोरिक आम्लाचं सौम्य द्रावण, म्हणजे आपला नवसागर. भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर. मी अर्धी होडी शनिवारी केली आणि अर्धी रविवारी, कारण एका दिवसात सगळी झेपत नव्हती.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी. आम्ल असलेला, धातूला किंचित खाऊन धरणारा ‘एच’ (etch) प्रायमरही मिळतो, पण प्रत्येक इपॉक्सी त्याच्यावर चालत नाही, डब्यावरचं वाचल्याशिवाय एकावर दुसरा देऊ नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, किमान 3 अंश सेल्सियस वर हवं. तळ्याकाठी सकाळी नऊपर्यंत पत्रा ओला असतो, बोट फिरवल्याशिवाय कळतसुद्धा नाही, आणि दुपारनंतर दिलेल्या रंगावर रात्री दव बसून तो मलूल पडतो. म्हणजे दिवसाचे चारपाच तासच आपले. वरचा रंग मी रोलरने दिला आणि मुलीने मागोमाग रिकाम्या ब्रशच्या टोकाने बुडबुडे मोडत नेले. दोन भागांचा पॉलीयुरेथेन फवारण्याच्या मोहात पडू नका. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाने कायमचा दमा जडू शकतो, आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आपल्या गॅरेजमध्ये नसतो.

आमच्या मालवणात पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी किनाऱ्यावर रंगाचे डबे उघडतात. इथे मासेमारीचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो, त्यामुळे एप्रिलच्या थंडीतच रंगवायची घाई होते. तिला बळी पडू नका. हंगामाचे पहिले तीन आठवडे गेले तरी चालतील. रंग हाताला कोरडा लागतो तेव्हा तो आत पिकलेला नसतो, माझ्या होडीला मी पूर्ण दोन आठवडे दिले.

आणि एक राहिलंच. ट्रेलरवर होडी ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्या बहुधा त्याच तांबं मुरवलेल्या लाकडाच्या असतात, वर गालिच्याचं कापड, आणि ते कापड महिनोन्‌महिने ओलं. नवा रंग तिथेच पहिल्यांदा फुगतो. मी ते कापड फाडून काढलं आणि पट्ट्यांवर प्लास्टिकच्या चिपा ठोकल्या, स्टेनलेसच्या स्क्रूंनी, डोकी खोल बुडवून. प्रश्न असतील तर विचारा. होडीचा सोललेला एक पापुद्रा मी सोबत आणला आहे, त्याची मागची बाजू जवळून बघा.